पेन्सिलीतले एकेचाळीस दिवस

अकरा वाजता चहा येतो आणि चहा येईपर्यंत मी कुठलंही पाकीट फोडत नाही. सत्तावीस वर्षांची सवय आहे. रिकाम्या पोटी वाचलेलं पत्र बाधतं, असं मी नव्या माणसांना गंभीर चेहऱ्याने सांगतो आणि ती बिचारी ते खरंही मानतात. सोमवारी मात्र पावणेअकरालाच फोडलं, कारण पाकिटावर पाठवणाऱ्या हॉस्पिटलचं नाव होतं आणि त्याच्याखाली एका कोपऱ्यात, विषय म्हणून, तिचं नाव होतं. आत तीन पानांचा फॉर्म, वर मजकूर: या डॉक्टर आमच्याकडे निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या प्रमुख म्हणून रुजू होणार आहेत, त्यांचं स्वतःचं प्रशिक्षण आपल्याकडे झालं आहे, तरी मूळ नोंदवही पाहून खालील माहिती भरावी आणि प्रशिक्षण कार्यालयाच्या अधिकाऱ्याने सही करावी. अधिकारी म्हणजे मी. पहिले चार प्रश्न सरळ होते: कधी आली, कधी गेली, कुठल्या वॉर्डांत किती महिने, परीक्षा कितव्या वेळी. पाचवा असा: प्रशिक्षणात सलग तीस दिवसांहून अधिक खंड पडला होता काय? असल्यास किती दिवस, व कारण. पुढे दोन चौकोन, एक ‘होय’चा, एक ‘नाही’चा. चहा आला, त्यावर साय धरली, आणि मी त्या दोन चौकोनांकडे बघत बसलो. माझा सगळा जन्म चौकोनांत गेलाय. पण कुठल्या चौकोनाने माझ्याकडे असं उलट पाहिलं नव्हतं.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून. लिफ्ट थांबली की भिंत हलकेच हादरते आणि माझ्या कपाटाचं दार आपोआप चार बोटं उघडतं. कितीदा दुरुस्त केलं, तरी तेच. दर वर्षी चौदा नवे डॉक्टर या खोलीत येऊन रुजू होतात. डॉक्टर म्हणायचे, पण पहिल्या दिवशी शाळेत सोडलेल्या पोरांसारखेच दिसतात. मी प्रत्येकाचं कार्ड करतो: नाव, रक्तगट, घरी फोन करायचा झाला तर कुणाला. या तिसऱ्या प्रश्नापाशी सगळे थबकतात. मग तीन वर्षं माझ्याकडे त्यांचं सगळं असतं. वॉर्ड, रात्रपाळ्या, रजा, परीक्षेचे फॉर्म, प्रबंधाच्या तारखा, कोण कुणाशी बोलत नाही आणि म्हणून कुणाला कुणाबरोबर लावायचं नाही, हेसुद्धा. लावणं हाच आमचा शब्द. ‘भाऊ, मला अतिदक्षता विभागात लावलंय का?’ मी तीस वर्षांचा असतानाही मला भाऊच म्हणायचे, आता सत्तावन्नाव्या वर्षी, केस पिकल्यावरही भाऊच. माझ्यामागे पेन्सिलभाऊ म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे.

पेन्सिल माझी नव्हे, माझ्या आधीच्या हेडक्लार्कची. म्हणजे पद्धत त्यांची. ते सुकलेले, खोकणारे गृहस्थ होते, शर्टाच्या खिशाला शाईचा जुना डाग, आणि त्यांनी मला हाती धरून शिकवलेली गोष्ट एकच. चार्ट पेन्सिलीने करायचा. महिनाभराचा मोठा तक्ता, प्रत्येक दिवसाला एक ओळ, प्रत्येक जागेला एक चौकट, चौकटीत नावाची दोन अक्षरं. सगळं पेन्सिलीत. दिवस सरला, रात्र सरली, की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बसून, प्रत्यक्षात कोण होतं ते विचारून, कालच्या ओळीवर शाई फिरवायची. ‘घडल्याशिवाय शाई नाही,’ ते म्हणायचे. त्या ओल्या शाईचा वास, टीपकागदाचा आवाज आणि खाली बाह्यरुग्ण विभागात जमू लागलेल्या माणसांची कुजबुज, यांनी माझी सकाळ भरून जायची. आता चार्ट संगणक करतो. तो सगळ्यांच्या फोनवर एकदम जातो, आणि त्यात पेन्सिलही नाही आणि शाईही नाही. चुकत नाही, हे मान्य करायला हवं. पण काल काय व्हायचं होतं आणि काय झालं, हा फरक त्याला कळत नाही. चार महिन्यांनी मी निवृत्त होईन, तेव्हा त्याच्याशी भांडण नको म्हणून गप्प बसतो. पेन्सिल मात्र अजून खिशात असते.

त्यांची दुसरी पद्धत अदलाबदलीची. कुणाला गुरुवारची रात्र शनिवारी करून हवी असेल, तर देणारा आणि घेणारा दोघांनी माझ्या टेबलासमोर एकत्र उभं राहायचं. घेणाऱ्याला मी विचारायचं, ‘चालेल का?’ त्याने स्वतःच्या तोंडाने ‘चालेल’ म्हटलं की रबर उचलायचं. निरोप चालत नाही, चिठ्ठी चालत नाही, ‘मी तिला सांगितलंय भाऊ, ती हो म्हणाली’ हे तर मुळीच चालत नाही. पुढे फोन आले तरी मी हे सोडलं नाही. दोन अर्धवट झोपेतले डॉक्टर माझ्यापुढे उभे राहिलेत, एकाचा ऍप्रन उलटा, दुसऱ्याच्या गालावर उशीची घडी, आणि मी न्यायाधीशासारखा विचारतोय, ‘चालेल का?’ या दृश्याने मोठ्या सरांना फार हसू यायचं. मोठे सर म्हणजे आमचे तेव्हाचे विभागप्रमुख. ‘भाऊ लग्न लावतायत का?’ असं दारातून विचारून ते पुढे जायचे. त्यांच्या बुटांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. आता सर नाहीत. नवा प्रमुख मऊ तळव्यांचे बूट घालतो, आला कधी आणि गेला कधी ते समजत नाही.

जिचा हा फॉर्म होता, तिला सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे. सकाळी आठची पाळी असली की आठला दहा कमी असताना ती माझ्या दारावरून जायची, आणि मी भिंतीवरचं घड्याळ तिच्यावरून लावायचो. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. कुणी काही मागितलं की ‘चालेल’. माझ्या टेबलासमोर ती नेहमी घेणारी म्हणूनच उभी राहिली, देणारी म्हणून एकदाही नाही. आणि हीच घड्याळ बावीस वर्षांपूर्वी, महिन्याच्या नऊ तारखेला, शुक्रवारी सकाळी, ऍप्रन खुंटीला लावून हॉस्पिटलच्या मोठ्या फाटकातून बाहेर पडली आणि परत आली नाही. रजेचा अर्ज नाही, निरोप नाही. कार्डावर घरचा म्हणून जो नंबर होता, तिथे कुणीतरी बाई म्हणाल्या, ‘आहे इथे. बरी आहे. आत्ता बोलणार नाही.’ नियम असा होता की विनारजा तीस दिवस झाले की नाव कापायचं. नियम अजूनही तोच आहे.

मी नाव कापलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट मनातल्या मनात स्वतःलाच सांगत आलो, आणि दर वेळी ती सांगताना मला ऊब आली. रोज सकाळी नऊला मी शाई घेऊन बसायचो, बाकीच्या तेरा जणांवर फिरवायचो आणि तिच्या चौकटीपाशी थांबायचो. तिचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं होतं, कुरकुर न करता. पण चौकटीत मी तिचीच दोन अक्षरं लिहीत राहिलो, पेन्सिलीने, जणू ती उद्या सकाळी आठला दहा कमी असताना येणारच आहे. घडलं नव्हतं म्हणून शाई फिरवता येईना, आणि खोडलं तर तिची गैरहजेरी मोजली गेली असती. दहा दिवस झाले, वीस झाले, तीस झाले. मधे महिनाअखेरीला चार्ट सहीला नेला होता, तेव्हा मोठ्या सरांनी तो बराच वेळ समोर धरला. मग म्हणाले, ‘भाऊ, माझा चष्मा घरी राहिलाय.’ चष्मा नाकावरच होता. त्यांनी सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. त्या क्षणी मला सर इतके आवडले की बाहेर येऊन मी उगाच जिना उतरून पुन्हा चढलो.

पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सकाळी ती माझ्या टेबलासमोर उभी होती. एकटी. वजन उतरलेलं, केस तसेच घट्ट. ‘भाऊ, मी येऊ का?’ मी तिला एक शब्द विचारला नाही. चार्टमध्ये बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, ‘वॉर्ड नंबर चार.’ ती वहीकडे बघत राहिली. तिच्या नावाची ती फिकट ओळ, खाली खाली उतरत गेलेली, तिने पाहिली असणार. मग ऍप्रन घालून गेली. दीड वर्षाने पहिल्याच फटक्यात पास झाली, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभी राहिली, आणि निघताना मला एक पेन्सिल देऊन गेली. साधीच, पिवळी. मी ती कधी टोकदार केली नाही. टेबलाच्या वरच्या खणात आहे.

सोमवारी संध्याकाळी घरी जाताना मी फॉर्म बॅगेत घातला. जेवताना बायकोने विचारलं, ‘काय झालंय?’ मी म्हणालो, काही नाही. तिने वरण वाढायचा डाव तसाच हातात धरला. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे, ‘काही नाही’ म्हणणारी मुलं तिने वर्गच्या वर्ग पाहिली आहेत. मग सगळं सांगितलं. ‘नाही’वर खूण केली तर खोटी सही. ‘होय’वर केली तर बावीस वर्षांपूर्वीचा खोटा चार्ट उघडा पडणार, तिची तीन वर्षं कायद्याने भरली का असा प्रश्न येणार, आणि आलेलं पद जाणार. माझी निवृत्ती चार महिन्यांवर, ते वेगळंच. मी तिला पुन्हा तो चष्म्याचा किस्सा सांगितला, वॉर्ड नंबर चार सांगितलं. तिने ऐकून घेतलं. भांडी आवरताना पाठमोरीच म्हणाली, ‘अहो, एक विचारू? त्या मुलीचं नाव निघालं की तुम्ही कायम त्या एकेचाळीस दिवसांचंच सांगता. त्याच्या आधीचं कधी सांगितलं नाहीत. ती गेली का?’

‘मला काय माहीत?’ मी म्हणालो.

‘बरं,’ ती म्हणाली आणि नळ सुरू केला.

माझा स्वर मला आवडला नाही. मी इतक्या चटकन कधी बोलत नाही. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याची धूळ उजेडात तरंगत होती. ती गेली का? बावीस वर्षं मी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. तिलाही नाही. मी समजत होतो की तो माझा समजूतदारपणा.

मंगळवारी जुनं रजिस्टर काढलं. लिफ्ट थांबली, कपाटाचं दार चार बोटं उघडलं, आणि मी हात घालून खालच्या थरातून ते ओढलं. पुठ्ठ्याचे कोपरे मऊ झालेले, आत डांबरगोळीचा वास. मी थेट नऊ तारखेचं पान काढलं. आजूबाजूच्या शाईच्या अक्षरांत तिची पेन्सिलीतली अक्षरं एखादं खिडकीतलं प्रतिबिंब असावं तशी, प्रकाशाकडे धरली तर दिसणारी. या पानावर आणि पुढच्या, मिळून एकेचाळीस वेळा. नखाने मोजली. त्या चौकटी पाहून मला पुन्हा ती जुनी ऊब यायला हवी होती. आली नाही. कारण पान तेच होतं, महिना तोच होता, आणि नऊ तारखेच्या वर आठ ओळी होत्या. त्या मला झाकता येईनात. मी त्यांच्यावर तळहात ठेवला, खरंच ठेवला, लहान मुलं परीक्षेत पेपर झाकतात तसा, आणि तसाच बसून राहिलो. मग बंद करून ठेवून दिलं.

बुधवारी दुपारी तिचाच फोन आला. आवाज जाड झाला होता, पण बोलण्याची घडी तीच. ‘भाऊ, ओळखलंत का?’

‘घड्याळाला कोण ओळखणार नाही?’ मी म्हणालो. ती हसली. इकडची तिकडची विचारपूस झाली. मोठे सर गेल्याचं तिला कळलं होतं, यायला जमलं नव्हतं. मग ती म्हणाली, ‘तुमच्याकडे माझा फॉर्म आला असेल. पाचवा प्रश्न. तुम्ही त्यापाशी अडून बसला असाल, म्हणून फोन केला. खरं तेच लिहा. मी माझ्या अर्जात लिहिलंय. एकेचाळीस दिवस.’

मला राग आला. रागच. बावीस वर्षं मी दाताखाली धरून ठेवलेली गोष्ट हिने एका अर्जात लिहून टाकली. ‘अगं, मला विचारायचं तरी होतंस,’ मी म्हणालो.

‘विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. आणि मुलाखतीत त्यांनी विचारलंच, तुमच्या हाताखालचं कुणी अर्ध्यातून निघून गेलं तर काय कराल? मग मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, मीच गेले होते, आणि परत आले तेव्हा माझं नाव चार्टवर होतं. तुमचं नाव नाही घेतलं मी. पण पेन्सिल म्हटलं, त्याचं काय करू?’ ती पुन्हा हसली. ‘होईल ते होईल, भाऊ. पद नाही मिळालं तर नाही. पण चौदा पोरं हाताखाली घ्यायची आणि स्वतःचीच गोष्ट लपवायची, हे मला जमणार नाही. आणि एक सांगू? परत आले तेव्हा तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. त्याचं मला इतकं बरं वाटलं होतं. आजपर्यंत वाटतं.’

फोनच्या वायरीला मी बोटाने पीळ घालत होतो. बाहेर लिफ्ट थांबली, दार उघडलं, कुणी चढलं नाही, दार मिटलं. ‘आता विचारू?’ मी म्हणालो. ‘का गेली होतीस?’

ती अगदी सरळ, केस सांगावी तशी सांगत गेली. शुक्रवारची सकाळ. वॉर्डात एकाच आडनावाचे दोन म्हातारे होते, शेजारशेजारच्या खाटांवर. पहाटेच्या सुमारास त्यातला एक गेला. सगळे सोपस्कार तिने नीट केले, कागद नीट भरले. मग बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईंपाशी जाऊन, खाली वाकून, हळू आवाजात सांगितलं की ते गेले. चुकीच्या बाईंना. ‘त्या रडल्या नाहीत, भाऊ. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तुझे डोळे बघ किती लाल झालेत, दोन दिवस मी तुला इथेच बघतेय, तू तरी काय करणार बाळ. आणि मग आत गेल्या तर नवरा उठून बसलेला. पाणी मागत होता.’ कुणी तक्रार केली नाही. त्या बाई उलट हसल्या, नवऱ्याला म्हणाल्या, तुमचं आयुष्य वाढलं. दुसऱ्या बाईंना सिस्टरने सांगितलं. ‘पण माझ्या हातावर त्यांचा हात तसाच राहिला. मी ऍप्रन काढला आणि चालू लागले. आत्याकडे गेले. अकरा दिवस नुसती झोपले. मग तिच्या कापडाच्या दुकानात मीटरने कापड मोजत बसायचे. तिथे चुकलं तर फार तर वीतभर कापड वाया जातं.’

‘दोन दिवस,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘त्या बाई म्हणाल्या ना, दोन दिवस बघतेय.’

‘हो, त्या आठवड्यात माझ्या पाळ्या लागोपाठ आल्या होत्या. येतात कधी कधी.’ ती हे अगदी सहज म्हणाली. ‘बरं भाऊ, ओपीडी आहे. लिहा तुम्ही. घाबरू नका.’

फोन ठेवला. पाळ्या येत नाहीत. पाळ्या लावतात. मी उठलो, दाराला आतून कडी घातली, जे मी या नोकरीत कधी केलं नव्हतं, आणि रजिस्टर काढून नऊ तारखेच्या वरच्या ओळी पाहिल्या. या ओळी पेन्सिलीत नव्हत्या. माझ्याच अक्षरात, काळ्याभोर शाईत, बावीस वर्षांत जराही न उतरलेल्या. दोन तारखेची रात्र, ती. पाच तारखेची रात्र, ती. या दोन तिच्या हक्काच्या. तीन तारखेची आणि सात तारखेची, या कावीळ झालेल्या एका डॉक्टरच्या. तो अंथरुणावर होता, म्हणून मी तिला एकटीलाच बोलावून विचारलं होतं, आणि ती ‘चालेल’ म्हणाली होती. आणि आठ तारखेची, गुरुवारची. ती आमच्या नवरदेवाची होती. त्याचं स्वतःचंच लग्न चार दिवसांवर आलेलं, घरून फोनावर फोन, तो दुपारी माझ्यापुढे एकटा येऊन हात जोडून उभा राहिला. ‘भाऊ, कुणालाही लावा, पण मला सोडा.’ मी म्हणालो, दुसरा कुठे आहे? तो म्हणाला, घड्याळला लावा की, ती कधी नाही म्हणते का? मला घरी जायची घाई होती. त्या दिवशी माझ्या मुलाच्या शाळेत काहीतरी होतं, काय ते आता आठवतही नाही. मी रबर उचललं. त्याचं नाव खोडलं, तिचं लिहिलं. एकच माणूस टेबलासमोर होता. जिला विचारायचं ती वरच्या मजल्यावर बुधवार सकाळपासून उभी होती.

आणि हे इथवर कधीतरी आठवायचं. पुढचं मी आठवू दिलं नव्हतं. चार्टची प्रत दाराबाहेरच्या फळ्यावर लावायची असते. मी ती बदलली, टाचण्या टोचल्या, आत येऊन बॅग भरू लागलो. पाच वाजले असतील. ती जिना उतरून आली, खांद्याला पर्स, घरी निघालेली. फळ्यापाशी सवयीने थांबली. माझं दार अर्धवट उघडं होतं, त्यातून मला तिची पाठ आणि घट्ट बांधलेले केस दिसत होते. ती त्या एका ओळीकडे बघत राहिली. किती वेळ, सांगता येणार नाही. तिने मान वळवली असती तर मी दिसलो असतो. मी मान खाली घालून एक कागद उचलला, आणि तो कोराच होता, तरी वाचू लागलो. पर्सचा पट्टा सरकल्याचा आवाज आला. मग पावलं. जिन्याकडे, वरच्या दिशेने.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी त्या ओळीवर शाई फिरवली. घडलं होतं ना. त्या वेळी ती फाटकाबाहेर पडून तास होऊन गेला होता. मग पुढचे एकेचाळीस दिवस मी जे केलं, त्याला मोठे सर माणुसकी म्हणाले, ती उपकार म्हणते, आणि मी स्वतः त्यावर बावीस हिवाळे ऊब घेतली. माझ्या एवढ्या आयुष्यात मिरवण्यासारखं तेवढंच एक होतं. आता ते राहिलं नाही, आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तिच्यासाठी वाटायच्या आधी स्वतःसाठी वाटलं.

गुरुवारी सकाळी फॉर्म समोर घेतला. अकरा वाजायची वाट पाहिली नाही. पाचव्या प्रश्नापुढे ‘होय’च्या चौकोनात खूण केली. दिवस: एकेचाळीस. कारण, याच्यासमोर दीड ओळ जागा होती. मी पेन उचललं आणि थांबलो. मग पेन खाली ठेवून तिचा नंबर फिरवला. तिकडे मागे माणसांची गडबड ऐकू येत होती, कुणीतरी तिला नावाने हाक मारत होतं. ‘बोला भाऊ,’ ती म्हणाली. ‘झालं का लिहून?’

‘एक राहिलंय,’ मी म्हणालो. ‘अदलाबदलीचा नियम आठवतो ना तुला?’

‘दोघांनी समोर उभं राहायचं.’

‘आठ तारखेची रात्र. नवरदेवाची होती. तो एकटाच आला होता. मी तुला बोलावलं नाही. न विचारता तुझं नाव लिहिलं, आणि संध्याकाळी तू फळ्यापाशी उभी राहिलीस तेव्हा मी आत होतो. मला दिसत होतीस.’

तिकडची गडबड मंदावली, ती कुठेतरी बाजूला गेली असावी, एखादं दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. मी उठून उभा राहिलो. टेबलाला वळसा घालून पुढे आलो, जिथे ती सगळी पोरं उभी राहायची तिथे, फोनची वायर ताणली जाईल तेवढं. तिथून माझी रिकामी खुर्ची दिसत होती.

‘म्हणून आता विचारतो,’ मी म्हणालो. ‘बुधवार सकाळपासून तू वॉर्डात आहेस. गुरुवारची रात्र तुझ्या नावावर लावायची आहे. चालेल का?’

लिफ्ट येऊन थांबली, भिंत हादरली, कपाटाचं दार चार बोटं उघडलं. मग तिचा आवाज आला, बारीक, बावीस वर्षांपूर्वीचा.

‘नाही, भाऊ,’ ती म्हणाली. ‘नाही चालणार. मी फार दमलेय.’

‘बरं,’ मी म्हणालो. खुर्चीत येऊन बसलो, फोन कानाशीच धरून, आणि दीड ओळीच्या जागेत शाईने लिहिलं: सात दिवसांत पाच रात्रपाळ्या, त्यांतली शेवटची न विचारता, चार्ट मी केला होता. मग खाली सही केली.